समलिंगी जोडप्याच्या समारंभाचे बुकिंग आम्ही कायद्याने नाकारू शकतो का?

लॉनवाली_नागपूर (प्रश्न)

नमस्कार. वर्धा रोडकडे आमचे एक लहानसे लॉन आहे. सासऱ्यांनी ते सुरू केले आणि आता मी व माझे दीर मिळून चालवतो. बुकिंग व हिशेब माझ्याकडे, मंडप, जनरेटर आणि माणसे त्यांच्याकडे. गेल्या महिन्यात तिशीच्या आसपासचे दोन तरुण आले, दीडशे पानांच्या संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी त्यांनी तारीख ठरवली आणि पंचवीस हजार रुपये बयाणा देऊन गेले. आमच्या पावतीपुस्तकात ‘वराचे नाव’ आणि ‘वधूचे नाव’ असे दोन रकाने छापलेले आहेत. तिथे काय लिहू असे मी विचारले, तेव्हा त्यांनी जराही न अडखळता सांगितले की दोन्हीकडे आमचीच नावे लिहा. मी ती लिहिली आणि खाली सही केली.

संध्याकाळी दिरांनी ती पावती पाहिली आणि घरात वाद सुरू झाला, तो अजून मिटलेला नाही. त्यांचे मन वाईट नाही, हे आधीच सांगते. फाटकापाशी कोणी घोषणा देत आले तर काय करायचे, पुढच्या हंगामातले बुकिंग फिरले तर काय करायचे, अशी त्यांची काळजी आहे. शिवाय ही गोष्ट त्यांच्या मनाला पटत नाही, हेही ते लपवत नाहीत. बयाणा परत करावा, लॉन आपले आहे, कोणाला द्यायचे हे आपण ठरवणार, असे ते म्हणतात आणि फाटकावरच्या ‘प्रवेशाचे सर्व हक्क राखीव’ या पाटीकडे बोट दाखवतात.

मला दोनच गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. केवळ ते दोघे पुरुष आहेत म्हणून आम्ही बुकिंग रद्द केले तर ते बेकायदेशीर ठरेल का? आणि समारंभ होऊ दिला तर आमच्यावर काही गुन्हा येऊ शकतो का? उपदेश दोन्ही बाजूंचा घरीच पुरेसा ऐकला आहे, म्हणून कृपया कायदा सांगावा.

दिवाणी_बाजू

मी वकिली करतो. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे असल्यामुळे ते आधी देतो: गुन्हा येत नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेज सिंग जोहर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी एकमताने ठरवले की सज्ञान व्यक्तींचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध हा गुन्हा नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या सुप्रियो निकालाने समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता दिली नाही हे खरे. परंतु मान्यता नसणे आणि मनाई असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या दोघांना विवाहनोंदणीचा दाखला मिळणार नाही, पण तुमचे लॉन म्हणजे नोंदणी कार्यालय नव्हे. दोन माणसांनी नातेवाइकांना जेवायला बोलावून एकमेकांना अंगठ्या घातल्या, तर त्यात पोलिसांनी दखल घ्यावी असे काहीही नाही. गर्दी जमण्याची धास्ती वाटत असेल तर ठाण्यात आधी अर्ज देऊन बंदोबस्त मागता येतो, जसा तो इतर मोठ्या कार्यांसाठीही मागितला जातो.

पहिला प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. आपल्या संविधानातले बहुतेक मूलभूत हक्क शासनाविरुद्ध आहेत. अनुच्छेद १५(२) मात्र थेट खासगी व्यावसायिकालाही लागू होतो. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणाही नागरिकाला दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले आणि सार्वजनिक करमणुकीच्या जागा यांत मज्जाव करता येत नाही. या यादीत लैंगिक कल हे शब्द नाहीत. परंतु नवतेज निकालात न्या. चंद्रचूड आणि न्या. इंदू मल्होत्रा यांनी आपापल्या निकालपत्रांत स्पष्ट केले की ‘लिंग’ या शब्दात लैंगिक कलही येतो, कारण ‘पुरुषाने स्त्रीवरच प्रेम करावे’ ही अपेक्षा मुळात लिंगावरच उभी आहे. तुमच्या प्रकरणाला तर हे फारच नेमके लागू पडते: त्या दोघांपैकी एक जण स्त्री असती, तर तुमच्या दिरांनी ती पावती पुन्हा पाहिलीही नसती.

लॉन हे ‘दुकान’ कसे, असे तुम्ही विचाराल. हा प्रश्न २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेतच निघाला होता. दीक्षाभूमीच्या या शहरात आपण बाबासाहेबांचे नाव रोज घेतो, पण त्यांचे त्या दिवशीचे उत्तर फारच थोड्यांनी वाचले आहे. जिथे मालक सेवा मागायला येणाऱ्या कोणालाही सेवा देण्यास तयार असतो ती जागा म्हणजे दुकान, अशी त्यांनी व्याख्या केली आणि हा शब्द केवळ आत येऊ देण्यापुरता नसून अटी मान्य असतील तर सेवा मिळण्यापर्यंत जातो, असेही सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनच्या खटल्यात हेच विवेचन आधाराला घेऊन खासगी महाविद्यालयालाही त्या अनुच्छेदाच्या कक्षेत आणले. जी व्याख्या महाविद्यालयाला लागू होते, तिच्यातून लॉन सुटणे कठीण आहे.

आता कायद्याची कच्ची बाजूही सांगतो. जातीवरून दुकानात मज्जाव केला तर १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा शिक्षा सांगतो. तृतीयपंथी व्यक्तीला सेवा नाकारण्यास २०१९ च्या कायद्याने मनाई आहे आणि सार्वजनिक जागी येण्यापासून तिला अडवले तर सहा महिने ते दोन वर्षे कैद होऊ शकते. एचआयव्हीबाधितांसाठी २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य कायद्यात उपचारांबाबत ‘लैंगिक कल’ हे शब्द प्रत्यक्ष लिहिलेले आहेत. परंतु समलिंगी ग्राहकाला लॉन, खोली किंवा जेवण नाकारणाऱ्याला अमुक शिक्षा होईल, असे सांगणारे कलम संसदेने अद्याप केलेले नाही. तत्त्व आहे, दंड नाही.

तुमच्यावर मात्र कराराची बाजू शेकू शकते. बयाणा घेऊन सही केलेली पावती हा करार आहे. तो तुम्ही एकतर्फी मोडला तर १८७२ च्या करार कायद्याने नुकसानभरपाई मागता येते, आणि ग्राहक म्हणून ते जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाऊ शकतात, जिथे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्कही लागत नाही. पाटीचे म्हणाल, तर दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्याला बाहेर काढताना तिचा उपयोग होईल. संविधानाने ज्या कारणाला मनाई केली आहे ते कारण पाटीने वैध होत नाही.

इतवारी_केटरर

बावीस वर्षे लग्नाच्या पंगती वाढल्या आहेत, म्हणून थोडे विरोधात लिहितो. वकीलसाहेबांचे सगळे मान्य केले तरी धंदा करणाऱ्याला मन असते की नाही? अमेरिकेत २०१८ मध्ये समलिंगी जोडप्याला लग्नाचा केक नाकारणाऱ्या केकवाल्याच्या बाजूने निकाल लागला आणि २०२३ मध्ये अशा लग्नांसाठी वेबसाइट बनवायची नाही म्हणणाऱ्या बाईंच्याही बाजूने लागला. तिथे ज्याला सूट मिळते, त्यासाठी इथे खटला का व्हावा? मी शुद्ध शाकाहारी केटरर आहे. कोणी सावजी मटणाची ऑर्डर घेऊन आला तर मी हात जोडतो आणि आजवर मला कोणी भेदभाव करतो म्हटलेले नाही. मागची बाकी न देणाऱ्यालाही मी नाही म्हणतो. मग ‘नाही’ म्हणण्याचा हक्क नेमका इथेच का संपतो? राग मानू नये, मला खरोखरच हे समजून घ्यायचे आहे.

दिवाणी_बाजू

राग मुळीच नाही, कारण तुमच्या मटणातच उत्तर आहे. मटण तुम्ही कोणालाच देत नाही. नाकारता तो पदार्थ, माणूस नव्हे. बाकीचेही तसेच, थकबाकीदार कोणत्याही जातीचा, कोणत्याही कलाचा असो, तुम्ही त्याला नाहीच म्हणता. पण वरणभात, वांग्याची भाजी आणि पुरणपोळी असे जे ताट तुम्ही शंभर घरांना वाढता, ते एकशेएकाव्या घराला तिथे दोन नवरे आहेत म्हणून वाढणार नसाल, तर तो माणसाला दिलेला नकार आहे.

ब्रिटनमधले दोन निकाल शेजारी ठेवले की ही रेघ लख्ख दिसते. २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दोन पुरुषांना एका पलंगाची खोली नाकारणाऱ्या हॉटेलवाल्या दांपत्याला दोषी धरले, कारण नकार माणसांना होता. १० ऑक्टोबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने बेलफास्टच्या ॲशर्स बेकरीच्या बाजूने निकाल दिला, कारण बेकरीने ग्राहकाला नव्हे, तर केकवर समलिंगी विवाहाच्या समर्थनाची घोषणा लिहायला नकार दिला होता. ती घोषणा कोणीही मागितली असती तरी उत्तर तेच मिळाले असते.

अमेरिकेच्या निकालांबद्दल गैरसमज फार पसरला आहे. २०१८ मध्ये कोलोरॅडोचा केकवाला सात विरुद्ध दोन मतांनी जिंकला, तो मुख्यतः राज्याच्या आयोगाने त्याच्या श्रद्धेशी तुच्छतेने वागल्यामुळे. समलिंगी ग्राहकाला दुकानातून परत पाठवता येते असे न्यायालयाने म्हटले नाही. २०२३ चा सहा विरुद्ध तीनचा निकाल अधिक व्यापक आहे, पण तोही शब्द आणि कल्पना घडवणाऱ्या कामापुरता, त्यांच्या भाषणस्वातंत्र्याच्या आधारावर दिलेला आहे. शिवाय तिथल्या १९६४ च्या केंद्रीय नागरी हक्क कायद्यात दुकाने व हॉटेलांच्या प्रकरणात ‘लिंग’ हा शब्दच नाही, म्हणून सगळा भार राज्यांच्या कायद्यांवर पडतो. आपल्याकडे तो शब्द संविधानात आहे.

खरी अडचण फोटोग्राफर, कवी, निवेदक अशा लोकांची आहे, जिथे सेवा आणि अभिव्यक्ती एकमेकांत मिसळतात. तिथे मीही ठामपणे बोलणार नाही. गुरुजींचा प्रश्न तर सर्वस्वी वेगळा आहे: धार्मिक विधी करायला त्यांना कोणी भाग पाडू शकत नाही आणि पाडूही नये. खुर्च्या, मांडव आणि पाण्याचे टँकर यांना मात्र मत नसते.

धरमपेठचा_रहिवासी

मी स्वतः त्या बाजूचा ग्राहक आहे, म्हणून वकिलांच्या उत्तरात न आलेली एक गोष्ट सांगतो. आम्हाला ‘तुम्ही समलिंगी आहात म्हणून नाही’ असे तोंडावर कोणी म्हणत नाही. ‘तारीख भरली आहे’ असे सांगतात. एका गावी हॉटेलात आगाऊ घेतलेली खोली माझ्या जोडीदाराला माझ्यासोबत पाहिल्यावर अचानक दुरुस्तीसाठी बंद निघाली आणि आम्ही रात्री साडेअकराला सामान घेऊन रस्त्यावर उभे होतो. तक्रार कशाची करणार? कारण कागदावर कुठेच नव्हते. कलम असते तरी ते या ‘तारीख भरली आहे’पुढे किती टिकले असते, हा माझा वकीलसाहेबांना प्रश्न आहे.

ताईंच्या पावतीतल्या रकान्यांवरून आठवले. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केले की आमच्यासारख्या जोडप्यांना संयुक्त बँक खाते उघडायला कसलीही आडकाठी नाही. आम्ही दोघे गेलो, तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी ‘नाते’ या रकान्यापाशी पेन थांबवले, आमच्याकडे पाहिले आणि काही न विचारता ‘इतर’ लिहिले. खाते व्यवस्थित चालू आहे.

ताई, बयाणा परत करण्याआधी एकदा त्या दोघांना बोलावून दिरांची भीती मोकळेपणाने सांगा. आमच्यातल्या बहुतेकांनी ती भीती स्वतःच्या घरात आधीच पाहिलेली असते, आणि गर्दी टाळण्याची इच्छा तुमच्यापेक्षा त्यांचीच जास्त असेल.

लॉनवाली_नागपूर

सर्वांचे आभार. परवा दोघांना चहाला बोलावले होते. दीर आधी येणारच नव्हते. मग आले, जनरेटर किती केव्हीएचा लागेल यावर बोलत बसले आणि शेवटी त्यांनी स्वतःच विचारले की फाटकावरच्या फलकावर काय लिहायचे. त्या दोघांनी सांगितले की नावे नकोत, ‘कौटुंबिक समारंभ’ एवढे पुरे, कारण एकाची आजी काटोलहून येणार आहे आणि तिला अर्धीच गोष्ट सांगितलेली आहे. दिरांना ही गोष्ट अजून पटलेली नाही. पण बयाणा परत करण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढलेला नाही.

इतवारीच्या दादांना एक विचारायचे आहे: दीडशे पानांचे शाकाहारी जेवण, त्यात पुरणपोळी, तुमच्याकडे त्या तारखेला होईल का? आमचे नेहमीचे आचारी त्या दिवशी दुसरीकडे आहेत. तारीख भरली असेल तर तसे स्पष्ट सांगा, मी खरे मानेन.

इतवारी_केटरर

तारीख निरोपात कळवा. मोकळी असेल तर दर नेहमीचाच, आणि वाढपी आठ लागतील.