रि: मुलींच्या शाळेचं जुनं रजिस्टर: फॉर्म बदला

पुसदच्या ताई:
सचिवसाहेब, शाळेच्या जुन्या रजिस्टरमध्ये माजी विद्यार्थिनींच्या नोंदी शोधायला काढलेला तो गूगल फॉर्म आजच बदला. नुसत्या "पूर्ण नाव"वरून हेडबाईंना एकही माजी विद्यार्थिनी सापडणार नाही. आपल्या लिस्टवरच्या बहुतेकींच्या पासपोर्टवर सासरचं आडनाव आहे, दाखल-खारिजमध्ये, म्हणजे शाळेत आल्या-गेल्याच्या त्या रजिस्टरमध्ये, माहेरचं. लग्नात नावच बदललेल्यांचं तर विचारूच नका. माहेरचं नाव, वडिलांचं नाव, गाव, दाखल झाल्याचं अंदाजे वर्ष, एवढं हवंच. जुन्या टीसीवर रजिस्टर नंबर असेल तर तोही लिहा, मग शोधाशोधच नको.

खजिनदार:
फॉर्म कार्यकारिणीनं ठरवून काढलाय. बदल हवा तर मला कळवा, लिस्टवर नको. आणि स्कॅनरचे पैसे मंजूर असताना शाळा फोननं रजिस्टरचे फोटो का काढून राहिली?

दर्यापूरवाले काका:
कारण स्कॅनर त्या रजिस्टरला चालत नाही. शिवण घट्ट आहे, काचेवर पालथं दाबलं की पान शिवणीपाशी फाटतं. त्यात आपल्या विदर्भातला मे महिना, कागद पापडासारखा होतो. दोन्ही पुठ्ठ्यांखाली पुस्तकं रचा, काटकोनाहून फार उघडू नका. फोन स्टँडवर, पानाला समांतर. खिडकीचा उजेड बाजूनं, फ्लॅश बंद, नाहीतर फिकी शाई दिसतच नाही. एका फोटोत एकच पान. फाटल्या जागी सेलोटेप अजिबात नको, त्याचा गोंद पिवळा पडून कागदात उतरतो. लॅमिनेशनही नको. पातळ टिश्यू कागद आणि गव्हाची खळ लावा. जुने बाइंडर कीड लागू नये म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद टाकत.

आर्वीच्या वहिनी:
काकाजी, खळीचं पुढे बघू. सुरुवातीची पानं गेलेल्या रजिस्टरवर कोणीतरी पेन्सिलीनं १९४० लिहून ठेवलंय, ते कशावरून? शिक्का बघा ना. "मध्यप्रांत व वऱ्हाड" असेल तर १९५० च्या आधीचं. "मध्यप्रदेश" असेल तर १ नोव्हेंबर १९५६ पर्यंतचं, मग मुंबई राज्य, १ मे १९६० पासून महाराष्ट्र. जिल्हा परिषद आली १९६२ मध्ये, त्याआधी जनपद सभा ही स्थानिक संस्था. पण जुने शिक्के संपेपर्यंत मारत, म्हणून शिक्क्यावर एकट्यावर जाऊ नका. नोंदी दाखल झाल्याच्या क्रमानं असतात, तेव्हा तारीख पुसली असेल तर वरच्या-खालच्या मुलीची बघायची. शेवटच्या रकान्यात "लग्न झाल्याने" लिहिलंय, तिथली तारीख शाळा सोडल्याची, ती क्रमात नसते. पेन्सिलवाल्यानं बहुतेक तिथंच गोंधळ केला.

पुसदच्या ताई:
फोटो ग्रुपवर टाकण्याआधी जात आणि जन्मतारखेचे रकाने झाका. जातपडताळणीला लोक हीच पानं पुरावा म्हणून शोधत असतात. मूळ रजिस्टर बाइंडरकडेही पाठवायचं नाही, बाइंडरलाच शाळेत बोलवा.

खजिनदार:
माहेरच्या नावाचा रकाना वाढवलाय. वडिलांचं नाव ऐच्छिक ठेवलं.

पुसदच्या ताई:
ऐच्छिक नको हो. एकेका वर्षात त्याच आडनावाच्या तीन सुमन आणि दोन कुसुम असतात. हेडबाई कोणतीवर खूण करतील?