मदत हवी आहे: बाबांना घेऊन पराशर तलावाचा एका दिवसाचा ट्रेक

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या शेवटी मी आणि बाबा (वय 63) हिमाचलला, मंडीला जातोय. पराशर तलाव बघायची त्यांची फार दिवसांची इच्छा आहे. काठावरचं पराशर ऋषींचं तीन छपरांचं लाकडी मंदिर आणि पाण्यावर तरंगणारं ते गवताचं बेट, दोन्ही त्यांना चालत जाऊन बघायचंय. गाडी वरपर्यंत जाते हे सांगून पाहिलं, ऐकत नाहीत.

बाबा दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चढतात. दम टिकतो, पण उतरताना उजवा गुडघा कुरकुरतो. मोठी पायरी आली की अंग बाजूला वळवून, काठीवर भार देऊन उतरतात. म्हणून ठरवलंय की बग्गी गावातून पायी चढायचं आणि उतरताना गाडी करायची. मंडीहून सकाळी लवकर निघालो, तर अंधाराच्या आत परत येता येईल ना?

मुख्य काळजी उंचीची आहे. तलाव साधारण 2730 मीटरवर, आणि आम्ही आजवर कळसूबाईच्या (1646) वर गेलेलो नाही. आदल्या दिवशी मंडीतच राहिलो तर चालेल, की आणखी वर मुक्काम करावा? बग्गीहून जंगलातली वाट स्वतःला सापडते, की गावातला माणूस सोबत घ्यावाच? वाटेत पिण्याचं पाणी मिळतं का? आणि वरून परतीची गाडी आयत्या वेळी मिळते, की मंडीतूनच ठरवून ठेवावी?

साठीच्या पुढच्या कुणाला घेऊन गेला असाल तर जरूर लिहा.