‘कॅल्क्युलस’ म्हणजे गणित की खडा?

प्रश्न (फोंडा):
मुलगी बारावीला असून तिच्या गणितात कॅल्क्युलसचा भाग मोठा आहे. त्याच सुमारास वडिलांच्या सोनोग्राफीच्या अहवालात उजव्या मूत्रपिंडात ६ मिलिमीटरचा ‘कॅल्क्युलस’ असल्याची नोंद आली. तो मूतखडा आहे हे डॉक्टरांनी सांगितले आणि उपचारही सुरू आहेत, परंतु वेग व क्षेत्रफळ यांचे गणित आणि मूतखडा यांना एकच नाव कसे पडले, याचा उलगडा होत नाही. शिवाय संगणकशास्त्र शिकणारा भाचा ‘लॅम्डा कॅल्क्युलस’चा उल्लेख करतो आणि त्यात विकलन-संकलन (बदलाचा दर आणि एकूण बेरीज काढणे) मुळीच नसते असे सांगतो. जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

उत्तर (म्हापसा):
मूळ अर्थ खडा हाच आहे. लॅटिनमध्ये ‘काल्क्स’ म्हणजे चुनखडीचा दगड आणि ‘काल्कुलुस’ म्हणजे लहानसा खडा. रोमन लोक पाटावर खडे मांडून हिशेब करीत असल्यामुळे तोच शब्द पुढे हिशेबालाही लागू झाला. वैद्यकाने मात्र पहिला अर्थ राखला, म्हणून मूत्रपिंडातील खडा, पित्ताशयातील खडा आणि दातांवरचे कठीण कीटण या तिन्हींना कॅल्क्युलसच म्हणतात. दातांवरील मऊ थरात लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेट साचून कीटण तयार होते. त्यामुळे लाळग्रंथींच्या नलिका जिथे उघडतात त्याच्या जवळ, म्हणजे खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूस, ते अधिक आढळते आणि एकदा घट्ट झाले की ब्रशने निघत नाही. अहवालात ‘कॅल्क्युलाय’ असे दिसल्यास घाबरू नये, ते केवळ अनेकवचन आहे. पोर्तुगीजमध्ये तर ‘काल्कुलु’ हा शब्द साधा हिशेब, हे गणित आणि मूतखडा या सर्वांसाठी आजही चालतो, त्यामुळे लिसेवमध्ये (पोर्तुगीज माध्यमाच्या शाळेत) शिकलेल्या आपल्याकडच्या जुन्या पिढीला हा प्रश्न बहुधा पडलाच नसता.

उत्तर (मडगाव):
वरील खुलासा योग्य आहे, पण गणिताच्या बाबतीत अपुरा वाटतो. हिशेब या अर्थावरून ‘ठरलेल्या नियमांनी चिन्हे हाताळून उत्तर काढण्याची पद्धती’ असा व्यापक अर्थ रूढ झाला, आणि बारावीचे गणित ही अशा अनेक पद्धतींपैकी एक आहे. न्यूटनने आपल्या पद्धतीसाठी ‘फ्लक्शन’ हा शब्द वापरला होता. जर्मन गणितज्ञ लायब्निट्सने १६८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखाच्या शीर्षकात ‘कॅल्क्युलस’ हा शब्द होता, आणि पुढे त्याचीच चिन्हे अधिक सोयीची ठरून रूढ झाली. संकलनाचे लांबट चिन्ह म्हणजे बेरीज या अर्थाच्या ‘सुम्मा’ या लॅटिन शब्दाचे आद्याक्षर होय. लीलावतीतही ‘संकलित’ म्हणजे बेरीजच, त्यामुळे आपली संज्ञा मला मूळ शब्दापेक्षा अधिक बोलकी वाटते. (या कल्पनांचा उगम केवळ युरोपात झाला असे मात्र समजू नये, केरळातील माधवाने चौदाव्या शतकातच ‘ज्या’ (साइन) आणि ‘कोटिज्या’ (कोसाइन) यांच्या अनंत श्रेढी शोधल्या होत्या.)

आपल्या भाच्याचे म्हणणे बरोबर आहे. अमेरिकी गणितज्ञ अलोंझो चर्च यांनी १९३० च्या दशकात मांडलेले लॅम्डा कॅल्क्युलस म्हणजे फलने (फंक्शन्स) रचण्याच्या व वापरण्याच्या नियमांची पद्धती असून तिथे बदलाच्या दराचा संबंध नाही. तर्कशास्त्रातील विधानांच्या कॅल्क्युलसचेही तसेच आहे.

प्रश्नकर्ता (फोंडा):
दोघांचेही आभार. मग मराठीतील ‘कलन’ हा शब्द कॅल्क्युलसवरूनच घडवला आहे काय?

उत्तर (मडगाव):
नाही. मोजणे या अर्थाचा ‘कल्’ हा धातू संस्कृतातच आहे, त्यामुळे उच्चारातील साम्य हा योगायोग समजावा. ‘कलन’ हा शब्द गणितापुरताच ठेवावा. इंग्रजी वृत्तपत्रांत निवडणुकीच्या संदर्भात येणाऱ्या कॅल्क्युलससाठी ‘राजकीय गणित’ हा आपला रुळलेला शब्द पुरेसा आहे.