यिर्मयाला चिखलात टाकलं ते फितुरीबद्दल की सत्याबद्दल?

खडूफळा
बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ३८वा अध्याय पुन्हा वाचला. यहूदाची राजधानी यरुशलेमला बाबेलचा राजा नबुखद्नेस्सरच्या खास्दी, म्हणजे बाबेलच्या, फौजेचा वेढा पडलाय आणि यिर्मया उघड सांगतोय: शहरात राहाल तर तलवारीने, दुष्काळाने, मरीने मराल, खास्द्यांकडे जाल तर जीव वाचेल. चार सरदार राजा सिद्कीयाला म्हणाले, याला मारा, हा सैनिकांचा धीर खचवतो. 'हा खोटं बोलतो' असं ते म्हणतच नाहीत! मग त्याला दोरांनी विहिरीत सोडलं. पाणी नव्हतं, चिखल होता, त्यात तो रुतला. माझ्या मते ही शिक्षा निव्वळ खरं बोलल्याची.

गडवाट
सहमत नाही. वेढ्यातल्या गडावर कुणी 'शत्रूला जाऊन मिळा' म्हणू लागला, तर कुठला किल्लेदार गप्प बसेल? आपल्याला निकाल माहीत आहे म्हणून आपण यिर्मयाच्या बाजूने. हनन्या हा संदेष्टाही परमेश्वराच्याच नावाने सांगत होता की दोन वर्षांत बाबेलचं जू मोडेल. लोकांनी कुणाला खरं मानायचं? यहूदातल्याच लाखीश शहरात १९३५ साली सापडलेल्या, त्याच काळातल्या खापरांवरच्या लष्करी पत्रांतही धीर खचवणाऱ्या शब्दांची तक्रार आहे. सरदारांची भीती खरी होती.

खडूफळा
हनन्या बोलला सिद्कीयाच्या चौथ्या वर्षी. वेढा पडला नवव्या वर्षी. दोन वर्षं कधीच उलटली होती, बाबेलने नेलेली मंदिराची पात्रं परत येतील असंही तो म्हणाला होता, ती काही आली नाहीत. कोण खरा ते कळायला एवढं पुरेसं नव्हतं? आणि फितुरीचंच म्हणाल, तर शहर पडल्यावर खास्दी सेनापतीने यिर्मयाला सांगितलं, बाबेलला चल, तुझी नीट काळजी घेईन. तो गेला नाही. मागे उरलेल्या गोरगरिबांत राहिला. फितूर असा वागतो?

शेवंती
सरदारांवरून भांडताय, मला चीड येते ती सिद्कीयाची. गुपचूप बोलावून विचारायचं, 'परमेश्वराकडून काही वचन आहे का?' आणि सरदार आले की, 'तो तुमच्या हातात आहे, तुमच्यापुढे माझं काही चालत नाही.' त्याला सगळं कळत होतं. राजवाड्यातला एबद-मलेख, परका कूशी (आफ्रिकेतल्या कूश देशाचा) चाकर, तो मात्र बन्यामीन वेशीत बसलेल्या राजाला तोंडावर म्हणाला की या माणसांनी वाईट केलंय. दोर काचू नयेत म्हणून यिर्मयाच्या काखेत घालायला जुन्या चिंध्यासुद्धा आठवणीने नेल्या. अख्ख्या शहरात एवढी माया त्या एकालाच!

गडवाट
एबद-मलेखबद्दल दुमत नाही. पण पुढचं वाचा. 'आपलं बोलणं कुणाला सांगू नकोस' असं राजाने बजावलं. सरदारांनी विचारल्यावर यिर्मया एवढंच बोलला की मला योनाथानाच्या घरी, जिथे आधी कैदेत होतो तिथे, परत पाठवू नका अशी विनंती केली. सगळं सत्य सगळ्यांना सांगायचं नसतं, हे त्यालाही मान्य होतं.

खडूफळा
त्याने खाजगी बोलणं लपवलं, संदेश नाही. आधीचा राजा यहोयाकीमाने त्याच्या संदेशांची गुंडाळी चाकूने कापून शेगडीत जाळली, तर त्याने आपला लेखनिक बारूखाकडून ती पुन्हा लिहवून घेतली, वर भरही घातली. त्याच राजाने उरीया संदेष्ट्याला मिसरातून धरून आणून मारलं होतं, हे माहीत असताना! आणि यरुशलेमला हे ऐकून घेण्याची सवय नव्हती असंही नाही. नगराचे ढिगारे होतील असं पूर्वीचा संदेष्टा मीखा बोलला, तेव्हाचा राजा हिज्कीयाने त्याला मारलं नाही. वडीलधाऱ्यांनी हाच दाखला देऊन यिर्मयाला आधी एकदा वाचवलं होतं.

गडवाट
दाखला मान्य. पण मीखाने कुणाला तेव्हाच्या शत्रूच्या, अश्शूरी छावणीत जा असं सांगितलं नव्हतं. तो फरक मी सोडणार नाही.