मार्क २:१ ते ३:६ : लोकांचा प्रतिसाद तरुण संघात कसा घ्यावा?

तरुणसंघ_अभ्यास: येशूच्या शिक्षणाला आणि आरोग्यदानाला लोकांनी कसा प्रतिसाद दिला, हा विषय आहे. तास एक, मुलं पंधरा-वीस. चारही शुभवर्तमानं (बायबलमधली येशूच्या जीवनाची पुस्तकं) घेतली तर पसारा होतोय. काय गाळू?

शास्त्रपाठ: तीन गाळा. मार्कातले २:१ ते ३:६ (अध्याय:ओवी) हे पाच प्रसंग सलग वाचा आणि मुलांना एवढंच टिपायला सांगा : आक्षेप कोण घेतो, कुणाकडे? २:६ ला शास्त्री (नियमशास्त्राचे शिक्षक) मनातल्या मनात कुरबुरतात. २:१६ ला शिष्यांना गाठतात. २:१८ ला येशूलाच विचारतात, पण शिष्यांच्या उपासाबद्दल. २:२४ ला शब्बाथ (यहुद्यांचा विश्रामाचा दिवस) मोडल्याचा ठपका. ३:२ ला टपून बसतात, ३:६ ला परूशी (नियम काटेकोर पाळणारा यहुदी गट) हेरोद्यांबरोबर (हेरोदाच्या पक्षाच्या लोकांबरोबर) येशूच्या घाताची मसलत करतात. हे फळ्यावर एकाखाली एक लिहा. वाचन १५ मिनिटं, गटकाम २०, बाकी चर्चा. पहिल्या प्रसंगात पक्षघाती माणसाला खाली सोडायला छप्पर उकरतात, त्याच्या गप्पांतच अर्धा तास जातो, तेवढं सांभाळा.

गालील७: जमाव भला आणि परूशी दुष्ट, अशी वाटणी मात्र करू नका. बरा झालेला कुष्ठरोगी १:४५ मध्ये बजावलेलं न ऐकता गावभर बोभाटा करतो, मग येशूला उघडपणे गावात शिरता येत नाही. ३:२१ ला घरचेच म्हणतात, याला वेड लागलंय. उलट लूक १३:३१ मध्ये येशूला हेरोद या सत्ताधीशापासून सावध करायला येतात ते परूशीच!

शास्त्रपाठ: खरंय. शिवाय ‘चमत्कार खरे का’ या वादात शिरू नका. इथे विरोधकही ते नाकारत नाहीत. ३:२२ ला शास्त्री म्हणतात, हे बालजबूलाचं, म्हणजे भुतांच्या अधिपतीचं काम. भांडण अधिकाराचं आहे.

तरुणसंघ_अभ्यास: आणि येशूचं गाव नासरेथ, ६:१-६?

गालील७: पुढच्या आठवड्याला ठेवा. तिथे लोक आधी थक्क होतात, मग ‘हा सुतारच ना?’ म्हणून बिनसतं. एक धोका आहे : ६:५-६ वाचून मुलं ‘विश्वास कमी म्हणून बरं झालं नाही’ असं म्हणतील, आणि ज्याच्या घरी आजारपण आहे त्याला ते लागेल. त्याच ओवीत थोडे रोगी बरे झालेत, हे आधी दाखवा. मग २:५ काढा. तिथे येशू ‘त्यांचा’ विश्वास पाहतो. पक्षघाती माणसाची खाट उचलून आणणारे चौघेही त्यात आले.