ऊसतोडीची उचल बाईच्या नावावर वेगळी का नको?

गावशिव (धागालेखक)

हंगामाच्या तोंडावर चर्चा होते ती टनाच्या दराची. संप, बैठका, लवाद, मग वाढ. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला. वाढलाच पाहिजे होता. माझा मुद्दा दराचा नाही, तो पैसा कुणाच्या हातात पडतो याचा आहे.

ज्यांनी फड पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बीड, अहिल्यानगर, परभणी, जालना भागांतून लाखो माणसं दिवाळीच्या आसपास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. टोळी जमवून कारखान्याला पुरवणारा मुकादम आगाऊ रक्कम देतो, ती उचल. ती मिळते जोडप्याला मिळून, एका कोयत्यामागे (नवरा-बायको मिळून एक कोयता), आणि व्यवहार होतो नवऱ्याशी. हंगामभर जो ऊस तुटतो त्यातून ती फेडायची. नवरा तोडतो, बायकोही तोडते, वाढं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे छाटते, मोळी बांधते आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. तिच्या या कामाची वेगळी नोंद कुठेच नाही. एकटी बाई टोळीत आली तर ती 'अर्धा कोयता'. आजारपणात दिवस बुडाला तर खाडा, म्हणजे दंड.

म्हणून मागणी सरळ आहे: करार दोघांचे वेगळे, तिची उचल तिच्या खात्यात, आणि खाडा बंद. बोला.

टायरगाडी

बोलतो. आमच्या वडिलांनी आयुष्यभर टोळी नेली, त्यामुळे मुकादम म्हटलं की मिशीवाला खलनायक दाखवायची पद्धत चांगली ठाऊक आहे. मुकादम घरातून पैसे देतो काय? कारखान्याकडून वाहतूकदाराकडे, त्याच्याकडून मुकादमाकडे, तिथून कोयत्याला. टोळीतली दोन जोडपी उचल घेऊन रातोरात दुसऱ्याच्या गाडीत बसली तर भरतो कोण? आम्ही भरलंय. वावर विकून भरलंय. त्यावर कोणी धागा काढत नाही.

आता तुमची वेगळी उचल. बाई मध्येच बाळंतपणाला गावी गेली तर तिची बाकी कुणाकडून वसूल करायची? नवऱ्याकडून? मग वेगळं काय केलंत?

फडातली लेक

बाळंतपणाला गावी जाते कोण, दादा? माझा धाकटा भाऊ कोपीत, फडाजवळच्या झोपडीत जन्मला. ऊस साखरवाडीच्या कारखान्याला पोचायच्या घाईत गाडी रात्री दोनला आली तरी भरायला उठावंच लागतं. आई सातव्या महिन्यात मोळ्या वाहत होती, कारण तिने सुट्टी घेतली तर खाडा अख्ख्या कोयत्याला. तो जन्मल्यावर त्याला सांभाळायला मी. भाकऱ्या थापायच्या, पाण्याचा हंडा आणायचा, पाचटावर निजवलेल्या पोराकडे ट्रॅक्टर मागे येत नाही ना ते बघायचं. माझं शाळेचं चौथीचं वर्ष असंच गेलं.

धाग्यातला एक मुद्दा राहून गेलाय, तो सांगते. उचल जोडीला मिळते म्हणून पोरांची लग्नं लवकर होतात. मुलगा कोयता धरू लागला की त्याला जोडीदारीण हवी, आणि मुलीला एकटीला मागे ठेवायची आईबापांना धास्ती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (एनएफएचएस-५, २०१९-२१) बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जणींची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. राज्याचा आकडा जवळपास २२. दुष्काळ, गरिबी ही कारणं आहेतच. पण एकट्या माणसाला पूर्ण मजुरी मिळू लागली तर लग्नाची निम्मी घाई जाईल.

पंचगंगाकाठ

आम्हा ऊसवाल्यांची बाजूही ऐका. कारखाना तोडणीचे पैसे स्वतःच्या खिशातून देतो असं बऱ्याच जणांना वाटतं. तोडणी-वाहतूक एफआरपीतून, म्हणजे आम्हाला मिळणाऱ्या उसाच्या सरकारी किमान दरातून वजा होते. म्हणजे ती ३४ टक्के वाढ आम्ही दिली. वर टोळी फडात आली की तिला खुश करायला वरचे पैसे, ती खुशाली, आणि ड्रायव्हरचे वरचे पैसे, ती एंट्री वेगळी. ती नाही दिली तर ऊस वाळतो, वजन घटतं. आता मजुरांचा संडास, पाळणाघर, विमा हेही आमच्याच बिलातून कापणार असाल तर आधी सांगा. एकरभर ऊसवाला काही साखरसम्राट नाही.

गावशिव

@पंचगंगाकाठ, हा राग योग्य माणसावर वळवा. मजूर कुणाचे, असं विचारलं की कारखाना म्हणतो मुकादमाचे, मुकादम म्हणतो कारखान्याचे. १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा होता, तो राज्याबाहेर जाणाऱ्यांसाठी. बीडमधल्या धारूरची बाई कर्नाटकात बेळगावला गेली तर कामगार, कोल्हापूरला गेली तर कुणीच नाही! कारखान्याला मूळ मालक ठरवा, खर्च त्याच्या ताळेबंदात घाला. तुमच्या बिलात नव्हे.

यंत्रयुग

एवढी चर्चा कशाला? हार्वेस्टर आणा, विषय संपला. सरकार अनुदान देतंय.

फडातली लेक

विषय संपेल, बाईही संपेल. यंत्रावर बसणार पुरुष. आणि अर्ध्या एकराच्या तुकड्यात, पाणथळ रानात ते धूड फिरवून दाखवा.

स्टेथो

मराठवाड्यात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम केलं आहे. धागालेखकांच्या हेतूबद्दल शंका नाही, उपायाबद्दल आहे. २०१९ मध्ये गर्भाशय काढण्याचं प्रकरण गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. बीडमध्ये ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, त्यात १३ हजार ८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. तिशीतल्या बायका. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं अशी तक्रार, जिला बहुतेक वेळा औषध पुरतं. तिला 'ठेवली तर कॅन्सर होईल' असं सांगून टेबलावर घेतलं. हा दोष माझ्या व्यवसायातल्या लोकांचा आहे आणि तो मुकादमावर ढकलून चालणार नाही. शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली, हे चांगलं झालं.

पण बायका तयार का होतात? पाळीत कापड बदलायला आडोसा नाही, धुवायला पाणी नाही, आणि दिवस बुडाला की खाडा. खाते वेगळं केल्याने यातलं काय बदलेल? मला फडावर पाणी, संडास आणि आठवड्याला एक आरोग्यसेविका द्या. पासबुक नंतर.

गावशिव

डॉक्टर, ऑपरेशनचा खर्चही बऱ्याचदा उचलीतूनच होतो आणि तो फेडायला बाई पुढच्या हंगामाला बांधली जाते. म्हणून मी दोन्ही एकत्र धरतो. पाणी-संडासासाठी पैसा नाही असं नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या ऊसतोड कामगार महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये आणि तेवढेच राज्याकडून, असं ठरलंय. यातले किती मजुरांच्या तळावरच्या नळापर्यंत पोचतात, हे दर हंगामाला जाहीर का करू नये?

मास्तर

मुलांबद्दल दोन शब्द. साखरशाळांचे, म्हणजे मजुरांच्या तळावर भरणाऱ्या शाळांचे दिवस मी पाहिलेत. तळावर शाळा आली की आईबाप पोरं बरोबरच नेतात, आणि शाळा सुटली की पोरगं वाढं गोळा करायला फडात. त्यापेक्षा गावातलं हंगामी वसतिगृह बरं. पोरगं आजीजवळ झोपतं, जेवण शाळेच्या आवारात. फक्त ते पोरं निघून गेल्यावर, डिसेंबरात मंजूर होऊ नये. ऑक्टोबरात चूल पेटली तर पोरं थांबतात, हा माझा अनुभव. आणि मुलींना मागे ठेवायचं तर रात्री तिथे बाई माणूस हवं, नाहीतर आया ऐकत नाहीत.

टायरगाडी

मास्तरांशी सहमत. खाड्याबद्दलही मी हट्ट धरणार नाही. आजारी माणसाचा दंड कापणं वाईटच. पण खात्याचं अजून पटत नाही. बाईच्या खात्यावर टाका म्हणता, तिचं एटीएम कार्ड कुणाच्या खिशात असतं ते बघितलंय का?

फडातली लेक

बघितलंय. नवऱ्याच्या. तरीही हवं. बापाने उचल किती घेतली हे आईला कधी कळलंच नाही. चैतात मुकादम वही उघडायचा, 'अजून बाकी राहिली' म्हणायचा आणि पुढचा हंगाम तिथल्या तिथे ठरायचा. पासबुकात आकडा छापून आला की निदान भांडता तरी येतं. तुमच्या वडिलांच्या वहीतलं एक पान इथे टाका, नावं झाकून. बाईच्या नावापुढे काय लिहिलंय ते बघू, मग एटीएमचं बोलू.