बटन ग्विनेट यांचे सॅव्हानातील स्मारक: त्याला थडगे म्हणावे का?

धागालेखक:
अमेरिकी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर जॉर्जियातर्फे सही करणारे बटन ग्विनेट मूळचे इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायरचे. व्यापारात जम बसेना म्हणून त्यांनी सेंट कॅथरिन्स बेटावर जमीन घेतली. पुढे राजकारणात ते असेंब्लीचे सभापती झाले आणि १७७७ मध्ये आर्चिबाल्ड बुलक यांच्या मृत्यूनंतर काही आठवडे जॉर्जियाचा कारभारच त्यांच्या हाती आला. पूर्व फ्लोरिडावरील फसलेल्या मोहिमेचे खापर कोणी कोणावर फोडायचे, यावरून सेनानी लॅक्लन मॅकिंटॉश यांच्याशी असलेले वैर विकोपाला गेले. १६ मे रोजी दोघांचे पिस्तुलांनी द्वंद्व झाले आणि मांडीतील जखमेने ग्विनेट तीन दिवसांत वारले.

ऑगस्टा येथे १८४८ मध्ये उभारलेल्या स्तंभाखाली लायमन हॉल व जॉर्ज वॉल्टन यांच्या अस्थी आणल्या गेल्या, पण ग्विनेट यांच्या सापडल्याच नाहीत. १९५७ मध्ये जॉर्जियातील सॅव्हाना शहराच्या कलोनियल पार्क दफनभूमीत गुडघ्याजवळ इजा झालेले मांडीचे हाड मिळाले. स्मिथसोनियन या अमेरिकी संग्रहालय-संशोधन संस्थेच्या तज्ज्ञाने ते स्त्रीचे ठरवले, तरीही स्थानिक समितीने ग्विनेट यांच्या बाजूने कौल दिला आणि १९६४ मध्ये त्या अस्थी तेथेच स्मारकाखाली पुरल्या. हे हाड खरोखरच स्त्रीचे असेल, तर तिची ओळख आपण पुसून टाकली आहे, म्हणून त्या जागेला थडगे म्हणू नये.

प्रतिसाद १:
मी पूर्णपणे असहमत आहे. १७५० पासून हीच सॅव्हानाची दफनभूमी होती, त्यामुळे शहराजवळ वारलेला हा पुढारी इथेच पुरला गेला असणे सर्वांत संभाव्य आहे. जखमेची जागाही जुळते. एका तज्ज्ञाचे मत हा अंतिम निवाडा नव्हे, आणि जो माणूस नव्या राष्ट्राच्या पहिल्याच वर्षात गेला, त्याला दोन शतके खुणेविना ठेवणे हा अन्यायच होता.

प्रतिसाद २:
‘इथे कुठेतरी’ आणि ‘या दगडाखाली’ यांत फार अंतर आहे. मॅकिंटॉशही १८०६ मध्ये याच दफनभूमीत विसावले, म्हणून कोणी त्यांचे थडगे अंदाजाने ठरवले असते का? मृत्यूनंतरही हाडाला इजा होऊ शकते, हे लक्षात घेतले तर जखम जुळण्याचा पुरावा लंगडा पडतो.

धागालेखक:
स्मारक हटवा असे माझे म्हणणे नाही. ग्विनेट यांचे नाव तेथे राहावे, मात्र अस्थींविषयीचा मतभेद फलकावर स्पष्ट लिहावा.